गव्हाणीवरून शेणामुताचा हिशेब

मांसासाठी पाळलेल्या शंभर जनावरांचा गोठा उभारायचा असेल, तर शेण साठवण्याचा खड्डा किती मोठा खोदायचा, मूत्र वाहून नेणाऱ्या नाल्या कुठे उतरवायच्या आणि वर्षाकाठी निघणारे खत किती हेक्टर जमिनीला पुरेल, हे प्रश्न पहिले जनावर गोठ्यात येण्याआधीच सोडवावे लागतात. खड्डा लहान पडला तर ऐन पावसात तो ओसंडतो आणि गरजेपेक्षा मोठा केला तर पैसा जमिनीत गाडल्यासारखा होतो. म्हणूनच एक जनावर दिवसाला किती शेण टाकते आणि किती मूत्र सोडते, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नावर पशुपोषणतज्ज्ञ आणि कृषी-अभियंते गेली अनेक दशके काम करीत आले आहेत.

सर्वांत जुना आणि सोपा मार्ग वजनाचा. अमेरिकेतील कृषी-अभियंत्यांच्या संघटनेने ‘डी ३८४’ या क्रमांकाचे एक मानक ठरवले होते. त्याच्या जुन्या आवृत्तीतील तक्त्यानुसार मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या दर १००० किलो जिवंत वजनामागे दिवसाला सुमारे ५८ किलो शेण-मूत्र निघते आणि त्यात मूत्राचा वाटा सुमारे १८ किलो असतो. या हिशेबाने ४५० किलो वजनाच्या जनावराचे रोजचे शेण-मूत्र २६ किलोच्या आसपास भरते, म्हणजे १८ किलो शेण आणि ८ किलो मूत्र. ढोबळ आराखड्यासाठी हा आकडा वाईट नाही, पण त्याला एक गोष्ट ठाऊकच नसते: ते जनावर खाते काय. २००५ मध्ये हे मानक सुधारताना खुराकावर आधारलेली समीकरणे त्यात आली, ती याच कारणाने.

खुराकाने किती फरक पडतो हे पाहण्यासाठी सारख्याच वजनाची, ४५० किलोची दोन जनावरे शेजारी शेजारी बांधलेली आहेत असे समजू. पहिल्याला भरपूर धान्य असलेला खुराक मिळतो, दुसऱ्याला जून झालेले, दाठर गवत. येथे ‘शुष्क पदार्थ’ ही संज्ञा लक्षात घ्यावी लागते. ओल्या चाऱ्यात पाणी कितीही असू शकते, त्यामुळे चाऱ्याची तुलना त्यातील पाणी वजा करून उरणाऱ्या वजनावरच करतात आणि शेणाचीही तशीच करतात. पहिले जनावर दिवसाला १० किलो शुष्क पदार्थ खाते आणि त्यातला ८० टक्के भाग पचवते, म्हणजे शेणावाटे २ किलो शुष्क पदार्थ बाहेर पडतो. दुसरे जनावर ९ किलो खाते, पण त्याला त्यातला ५५ टक्केच भाग पचतो, त्यामुळे त्याच्या शेणात ४ किलोहून थोडा अधिक शुष्क पदार्थ येतो. आता यात पाणी मिळवू. पहिल्याच्या शेणात शुष्क पदार्थ २२ टक्के धरला तर ओले शेण ९ किलो भरते. दुसऱ्याच्या शेणात तो १६ टक्के धरला तर तेच २५ किलो होते. वजन एकच, गोठा एकच, पण शेण जवळजवळ पावणेतीन पट. तक्त्यातले १८ किलो या दोहोंच्या मधोमध कुठेतरी पडतात आणि दोघांपैकी एकालाही लागू होत नाहीत.

या हिशेबाचे मूळ सूत्र एका ओळीचे आहे: खाल्लेल्या शुष्क पदार्थातून पचलेला भाग वजा केला की उरते ते शेण. सूत्र इतके साधे आहे की त्यातला धोका चटकन नजरेत येत नाही. पचनीयता ८० टक्के आहे असे आपण गृहीत धरले आणि प्रत्यक्षात ती ७८ टक्के निघाली, तर पचनीयतेच्या अंदाजातली चूक अवघी दोन अंकांची आहे. परंतु शेणात जाणारा भाग २० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर गेल्यामुळे शेणाच्या अंदाजातली चूक थेट १० टक्के होते. मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून लहान आकडा काढायचा असला की असेच होते. धान्यावरच्या जनावरांच्या बाबतीत हा दोष अधिक जाणवतो, कारण तिथे शेण म्हणजे मुळातच लहान शिल्लक असते. माझ्या मते, एखाद्या अंदाजपत्रकात शेणाचा आकडा दशांश चिन्हानंतरच्या दोन स्थळांपर्यंत दिलेला दिसला, तर पचनीयता कुठून घेतली हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

पचनीयता हा चाऱ्याचा एकदाच ठरून गेलेला गुणही नाही. गवत जून होते तसतसे त्यात लिग्निन हा न पचणारा कठीण घटक वाढतो आणि कोटीपोटातल्या, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, सूक्ष्मजीवांना त्यातले तंतू फोडता येईनासे होतात. जनावराने अधिक खाल्ले की चारा पोटातून अधिक वेगाने पुढे सरकतो, सूक्ष्मजीवांना कमी वेळ मिळतो आणि पचनीयता थोडी घसरते. मक्याचा दाणा अखंड दिला तर त्यातला बराच स्टार्च न पचताच बाहेर पडतो. तोच दाणा वाफवून चपटा केला तर जवळजवळ सगळा पचतो. हे समजण्यासाठी प्रयोगशाळेतच जावे लागते असे नाही. गव्हाणीमागे वाकून शेणाचा पो पाहिला तर पुष्कळ कळते: चांगल्या वैरणीवरच्या जनावराचा पो गोल पडतो, कडेला वळ्या दिसतात आणि मध्यभागी थोडा खळगा असतो, फार जून चाऱ्यावरचे शेण कोरडे, रचल्यासारखे उभे राहते, आणि धान्य अति झाले असेल तर शेण पातळ, करडे, बुडबुडे आलेले असते आणि काठीने पसरल्यावर त्यात पिवळे दाणे जसेच्या तसे सापडतात. हे बुडबुडे म्हणजे स्टार्च कोटीपोटात न पचता मोठ्या आतड्यात जाऊन आंबल्याची खूण होय.

आणखी एक गैरसमज दूर केलेला बरा. शेण म्हणजे केवळ न पचलेला चारा नव्हे. त्यात कोटीपोटातून आणि आतड्यातून वाहून आलेल्या सूक्ष्मजीवांची कलेवरे असतात, आतड्याच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी असतात, पाचकरसांचे अवशेष आणि राख, म्हणजे जाळल्यावर उरणारा खनिज भाग, असते. म्हणूनच नायट्रोजन जवळजवळ नसलेला चारा खाऊ घातला तरी शेणात नायट्रोजन येतच राहतो. ही बाब पुढे मूत्राच्या हिशेबात उपयोगी पडते.

मूत्राचा हिशेब वेगळ्या नियमाने चालतो. शेणात येते ते जे पचले नाही ते. मूत्रात येते ते जे पचून रक्तात गेले, पण शरीराला लागले नाही ते. त्यामुळे शेणाचा अंदाज पचनीयतेवर बेततात आणि मूत्रातील नायट्रोजनाचा अंदाज प्रथिनांच्या अतिरेकावर. प्रथिनांमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून प्रथिनांच्या वजनाला ६.२५ ने भागले की नायट्रोजन मिळतो. आपल्या धान्यावरच्या जनावराच्या १० किलो खुराकात १३ टक्के प्रथिने असतील, तर त्याच्या पोटात दिवसाला १.३ किलो प्रथिने, म्हणजेच २०८ ग्रॅम नायट्रोजन जातो. हे जनावर रोज दीड किलोने वाढते आहे आणि त्या वाढीत सुमारे १२ टक्के प्रथिने आहेत असे धरले, तर अंगी लागलेली प्रथिने १८० ग्रॅम आणि त्यांतला नायट्रोजन २९ ग्रॅम होतो. उरलेले १७९ ग्रॅम बाहेर पडणारच, त्यांना दुसरी वाट नाही. जे जनावर पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पुष्ट होत असते, तेही खाल्लेल्या नायट्रोजनापैकी सातवा हिस्साच स्वतःजवळ ठेवते.

आता या १७९ ग्रॅमची शेण आणि मूत्र यांत वाटणी करायची. शेणातला नायट्रोजन मुख्यतः खाल्लेल्या शुष्क पदार्थाच्या प्रमाणात चालतो, कारण त्यातला मोठा भाग सूक्ष्मजीवांचा आणि आतड्याच्या झिजेचा असतो. दर किलो शुष्क पदार्थामागे तो ७ ग्रॅम धरला, तर शेणात ७० ग्रॅम गेला आणि मूत्रासाठी १०९ ग्रॅम उरला. यानंतर खुराकातली प्रथिने १३ वरून १५ टक्क्यांवर नेली, पण जनावराची वाढ तेवढीच राहिली, असे समजू. पोटात जाणारा नायट्रोजन २४० ग्रॅम झाला. शरीरात राहणारा २९ च राहिला आणि शेणातलाही फारसा हलला नाही. वाढीव ३२ ग्रॅम जवळजवळ सगळेच्या सगळे मूत्रात उतरले आणि मूत्रातला नायट्रोजन १०९ वरून १४१ ग्रॅमवर गेला. खुराकातली प्रथिने १५ टक्क्यांनी वाढली, मूत्रातला नायट्रोजन २९ टक्क्यांनी. ‘थोडे जास्त प्रथिन दिलेले बरे’ हा जो सल्ला सर्रास दिला जातो, त्याचा हिशेब गव्हाणीत न दिसता मूत्राच्या नालीत दिसतो, आणि तोही दुपटीने.

मूत्राचे आकारमान मात्र नायट्रोजनापेक्षाही चंचल असते. मूत्रपिंडाला युरिया, पोटॅशियम आणि सोडियम यांचा ठरावीक बोजा बाहेर काढायचा असतो. मूत्र किती दाट करता येईल याला मर्यादा असल्यामुळे बोजा वाढला की पाणीही वाढवावेच लागते. हिरव्या, कोवळ्या वैरणीच्या शुष्क पदार्थात पोटॅशियम २ ते ३ टक्के असू शकते, तर मक्याच्या दाण्यात ते ०.४ टक्क्यांच्या आसपास असते, आणि पोटॅशियमची बाहेर पडण्याची मुख्य वाट मूत्र हीच आहे. त्यामुळे गवतावरचे जनावर धान्यावरच्या जनावरापेक्षा अधिक मूत्र सोडते, यात नवल नाही. नर जनावरांना मुतखडा होऊ नये म्हणून खुराकात मीठ वाढवतात, त्यामागचे तत्त्वही हेच: मीठ वाढले की पाणी अधिक प्यायले जाते, मूत्र पातळ होते आणि क्षार साचत नाहीत. उन्हाळ्यात हिशेब पुन्हा गुंतागुंतीचा होतो, कारण तेव्हा जनावर पाणी पुष्कळ पिते, पण त्यातला बराच भाग घाम आणि श्वासावाटे उडून जातो; प्यालेल्या पाण्यावरून मूत्राचा अंदाज बांधणारा त्या दिवसांत हमखास फसतो.

हे सारे आकडे मुळात आले कुठून, याचे उत्तर चयापचय-पिंजऱ्यात आहे. जनावर इकडेतिकडे वळू शकणार नाही एवढ्याच रुंदीच्या या पिंजऱ्यात त्याला काही दिवस सवयीसाठी आणि मग पाचसहा दिवस मोजणीसाठी ठेवतात. रोज ठरलेल्या वेळी गव्हाणीत किती घातले ते तोलायचे, उष्टावळ गोळा करून तोलायची, मागच्या तसराळ्यातले किंवा जनावराला बांधलेल्या पिशवीतले सगळे शेण तोलायचे, ढवळून त्याचा नमुना काढायचा आणि भट्टीत वाळवायचा. मूत्र ज्या बादलीत जमते तिच्यात आधीच सल्फ्युरिक आम्ल ओतून ठेवलेले असते, नाहीतर युरियाचा अमोनिया होऊन नायट्रोजन तोलण्याआधीच हवेत निघून जातो. ऐकायला हे सरळ वाटते. प्रत्यक्षात शेण मूत्रात पडते, पाण्याच्या भांड्यातले पाणी उडून बादलीत येते आणि शेपटीच्या एका फटकाऱ्याने सकाळभराचा काटेकोरपणा भिंतीवर जातो. शिवाय पिंजऱ्यातले जनावर बावरलेले असते आणि मोकळ्यातल्यापेक्षा कमी खाते, म्हणजे ज्या आकड्यावर सगळा हिशेब उभा, तोच आकडा मोजण्याच्या कृतीने बदलतो.

चरणाऱ्या जनावराला पिंजरा चालत नाही, म्हणून तिथे खुणेच्या पदार्थांचा आधार घेतात. टायटॅनियम डायऑक्साइडसारखा न पचणारा पदार्थ रोज ठरावीक मात्रेत खाऊ घालायचा आणि शेणाच्या नमुन्यात तो किती सापडतो ते मोजायचे. रोज १० ग्रॅम दिला आणि शेणाच्या दर किलो शुष्क पदार्थात ४ ग्रॅम सापडला, तर शेणाचा शुष्क पदार्थ अडीच किलो असला पाहिजे. मूत्रासाठी हेच काम क्रिएटिनिन करते. स्नायूंच्या झिजेतून तयार होणारा हा पदार्थ दिवसाकाठी साधारण शरीराच्या वजनाच्या प्रमाणात बाहेर पडतो, त्यामुळे मूत्राच्या एका वेळच्या नमुन्यात तो किती पातळ झाला आहे यावरून दिवसभराच्या मूत्राचा अंदाज येतो. यात एक गंमत आहे. गोठ्यात आपण खाल्लेल्या चाऱ्यावरून शेण काढतो. कुरणात मात्र जनावराने किती खाल्ले हेच कोणाला माहीत नसते, म्हणून तिथे सूत्र उलटे फिरवून शेणावरून चारा काढतात. चाऱ्याचा असा काढलेला आकडा घेऊन कोणी पुन्हा शेणाचा अंदाज बांधू लागला, तर तो जिथून निघाला तिथेच परत येतो.

हवामानबदलाच्या हिशेबांतही हेच गणित वापरतात. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २००६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शेणातील सेंद्रिय भागाचे, म्हणजे ज्यापासून मिथेन तयार होऊ शकतो त्या भागाचे, समीकरण दिले आहे. ते ऊर्जेच्या भाषेत लिहिलेले असल्यामुळे बोजड दिसते, पण एक किलो शुष्क पदार्थात १८.४५ मेगाज्यूल ऊर्जा हे गृहीतक वर आणि खाली दोन्हीकडे असल्यामुळे ते कटते आणि उरते ती आपलीच वजाबाकी: न पचलेला भाग, अधिक मूत्रावाटे जाणाऱ्या ऊर्जेसाठी साधारणपणे ४ टक्के, आणि त्यातून राखेसाठी ८ टक्क्यांची वजावट. दुसऱ्या, गवतावरच्या जनावराला हे लावले तर ९ किलोंचे ४९ टक्के आणि त्याचे ९२ टक्के, म्हणजे दिवसाला सुमारे ४ किलो सेंद्रिय पदार्थ येतो. पहिल्याला लावले तर २.२ किलो. खुराकात ८५ टक्के किंवा त्याहून अधिक धान्य असल्यास ४ ऐवजी २ टक्के घेण्याची सूचनाही त्यातच आहे.

एका दिवसावरून पूर्ण हंगामाकडे जाताना सरासरी वजन घेऊन दिवसांनी गुणण्याचा मोह होतो, तो टाळावा. जनावर ३५० किलोला आले आणि ६०० किलोला गेले, तर त्याचे खाणे वजनाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. चरबी चढू लागली की वजनाच्या मानाने खाणे कमी होते आणि वाढीतला प्रथिनांचा वाटाही घटतो. म्हणजे शेवटच्या महिन्यांत खुराकातली प्रथिने तेवढीच ठेवली, तर खाल्लेल्या नायट्रोजनाचा आणखी मोठा हिस्सा मूत्रात जातो. आठवड्या-आठवड्याचा हिशेब मांडून बेरीज करणे कंटाळवाणे असले तरी संगणकाच्या साध्या तक्त्यात ते तासाभराचे काम आहे, आणि गव्हाणीत रोज किती घातले याची नोंदवही असेल तर अंदाजाचा निम्मा भाग अंदाज राहतच नाही.

एवढे करूनही हाती येतो तो जनावराच्या शरीरातून बाहेर पडतानाचा आकडा. खड्ड्यात किंवा शेतात पोचतानाचा आकडा निराळा असतो. शेणातला नायट्रोजन सेंद्रिय रूपात बांधलेला असतो आणि सावकाश सुटतो, पण मूत्रातला बहुतांश नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो, आणि शेणात व मातीत असलेले युरिएज हे विकर त्याचा काही तासांत ते थोड्या दिवसांत अमोनिया करून टाकते. धान्यावर वाढवलेल्या जनावरांच्या उघड्या आवारांत बाहेर पडलेल्या नायट्रोजनापैकी निम्म्याच्या आसपास असा उडून जाऊ शकतो. पाणीही उडते, त्यामुळे ताज्या शेण-मुताचे वजन आणि सुकलेल्या खताचे वजन यांची सांगड घालायला गेले तर काहीच जुळत नाही.

अशा वेळी फॉस्फरस कामी येतो, कारण तो हवेत उडत नाही. आपल्या जनावराच्या १० किलो खुराकात ०.३ टक्के, म्हणजे ३० ग्रॅम फॉस्फरस असेल आणि त्यातला ७ ग्रॅम वाढीत लागला, तर २३ ग्रॅम बाहेर पडतो, मुख्यतः शेणावाटे. १७९ ग्रॅम नायट्रोजनाशी त्याचे प्रमाण जवळपास ८ ला १ असे बसते. काही महिन्यांनी ढिगातल्या खताचा नमुना तपासला आणि तिथे हे प्रमाण ४ ला १ आढळले, तर पावसाने ढीग धुऊन नेलेला नसल्यास निम्मा नायट्रोजन वाटेतच उडाला, एवढे त्या दोन आकड्यांवरून सांगता येते. त्यासाठी ना ढीग तोलावा लागतो, ना त्यातले पाणी मोजावे लागते.